शनिवार भरतो, मंगळवारचं काय?

मुरबाड, शहापूर, माळशेज या पट्ट्यात केबिन बांधून ती वीकएंडला भाड्यानं द्यायची, हा बेत ठाण्यात आणि नवी मुंबईत सध्या बऱ्याच घरांत शिजतो आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. हिशोबातले दर आणि खर्च उदाहरणादाखल धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून तो पुन्हा मांडा.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): मुरबाडच्या पुढे आमची वडिलोपार्जित जमीन आहे. चार जणांची केबिन सगळं धरून 22 लाखांत उभी राहील, असं ठेकेदार म्हणतो. रात्रीचे 6,000 मिळाले तर महिन्याला दीड लाख कुठं गेले नाहीत, असं धाकट्या भावाचं म्हणणं. मला ते पटत नाही.

तुमचं न पटणं बरोबर आहे. भाऊ महिन्याच्या जवळजवळ सगळ्या रात्री भरलेल्या धरतो आहे. आपल्याकडचं गिऱ्हाईक नोकरदार आहे. ते शनिवारी सकाळी निघतं आणि रविवारी दुपारी जेवून परततं. म्हणजे खात्रीची रात्र आठवड्याला एक. शुक्रवारची रात्र त्याच्या निम्मी चालते, कारण ऑफिस सुटल्यावर शहाडचा पूल किंवा माजिवडा–वडपे रस्त्यावरची कोंडी पार करून पोचायलाच रात्रीचे अकरा वाजतात.

समजा, वर्षातल्या 52 शनिवारांपैकी 42 आणि 52 शुक्रवारांपैकी 21 रात्री गेल्या. 63 रात्री, 6,000 दरानं 3,78,000. रविवार ते गुरुवारच्या 261 रात्रींतल्या 26 रात्री 3,500 ला गेल्या, त्याचे 91,000. एकूण 4,69,000. आता खर्च. केअरटेकर महिना 12,000 प्रमाणे 1,44,000. सत्तर टक्के बुकिंग पोर्टलवरून आणि कमिशन 15 टक्के धरलं तर 49,000. वीज 36,000, सफाई आणि धुलाई 30,000, उन्हाळ्यातले टँकर 15,000, गॅस-इंटरनेट-साबण 25,000. लाकूड, छप्पर, वाळवी यांची डागडुजी 60,000. हा शेवटचा आकडा बहुतेक जण मांडतच नाहीत. खर्चाची बेरीज 3,59,000, हातात 1,10,000. जमिनीची किंमत शून्य धरूनही 22 लाखांवर पाच टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून बरी, आणि तिचा नळ गळत नाही.

सगळ्यात मोठा खर्च केअरटेकरचा आहे आणि तो एका केबिनला जेवढा, जवळजवळ तेवढाच दोन केबिनना. दुसरी केबिन तशीच चालली आणि त्याला महिना 3,000 वाढवून दिले, तर तिच्यातून 2,18,000 सुटतात. दोन मिळून 44 लाखांवर साडेसात टक्क्यांच्या आत-बाहेर. त्यामुळे एकच केबिन बांधायची तर ती घरच्यांसाठी बांधा आणि भाडं वरकमाई समजा. धंदा करायचा असेल तर किमान दोनांचा विचार करा, पण दुसरी पहिलीचा एक पावसाळा आणि एक मे महिना पाहिल्यावरच.

दर लावताना एक सवय ठेवा. शनिवार एकटा विकला गेला की शुक्रवार पडून राहतो. शनिवार घेणाऱ्याला शुक्रवार निम्म्या दरात देऊ करा, किल्लीऐवजी नंबरचं कुलूप लावा आणि रात्री उशिरा आलं तरी चालेल असं स्पष्ट लिहा. दोन रात्रींची सक्ती फक्त जोडून सुट्ट्या आल्या तरच करा. एरवी तिनं शनिवारही हातचा जातो.

प्रश्न (ऐरोली): शहापूर तालुक्यात पाच गुंठे मिळताहेत. मालक आदिवासी आहेत. एजंट म्हणतो, विक्री होत नसेल तर 29 वर्षांचा भाडेकरार नोटरी करून टाकू. चालेल का?

नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ चं बंधन आहे. त्यात विक्रीबरोबर गहाण, बक्षीस, अदलाबदल आणि भाडेपट्टाही येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही, जमीन मूळ मालकाला परत जाते आणि तुमची केबिन दुसऱ्याच्या रानात उभी राहते. शिवाय एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्यानं ते काम भागत नाही.

व्यवहार बिगरआदिवासी मालकाशी असता तरी पाच गुंठे अडलेच असते. शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. त्याखालचा तुकडा वेगळा काढून विकता येत नाही. ‘सामाईक नाव लावून देतो’ म्हणणारा तुम्हाला अनोळखी दहा जणांसोबत एका सातबारावर बसवतो. त्यातल्या एकानं वाद काढला की तुमचं काम थांबलंच. आणि तुम्ही स्वतः शेतकरी खातेदार आहात का? नसाल तर कूळकायद्याच्या कलम 63 मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही.

कुठलीही जमीन पाहायला जाण्याआधी सातबारा घरबसल्या काढा आणि दोन जागा वाचा. भोगवटादार वर्ग 2 असेल तर हस्तांतराला परवानगी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाची नोंद, बँकेचा बोजा, ‘खाजगी वन’ किंवा ‘कलम 35(3)’ असं काही दिसलं तर पुढं जाण्याआधी वकील गाठा. ठाणे आणि रायगडात वनाच्या या जुन्या नोंदींनी भलेभले अडकले आहेत. शहापुरात तानसा अभयारण्याच्या, तर कर्जत-पनवेल बाजूला माथेरानच्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्रात गट येतो का, हेही गट नंबर देऊन तपासून घ्या. त्यानंतर सलग दोन-तीन फेरफार काढा आणि गाडीरस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या बांधावरून तोंडी ठरलेला, ते पाहा. तोंडी रस्ता पहिल्या गजबजलेल्या वीकएंडला बंद होतो.

घोडबंदरच्या वाचकांनाही यातलं एक लागू आहे. जमीन वडिलोपार्जित असली तरी शेतघर आणि भाड्याची केबिन या कायद्याला दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतघरासाठी किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते आणि राहत्या भागाच्या जोत्याला 150 चौरस मीटरची मर्यादा आहे. ते तुमच्या स्वतःच्या वापरासाठी असतं. पाहुणे पैसे घेऊन ठेवायचे तर राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. अट अशी की शेती खरोखर चालू हवी. नुसती केबिन आणि लॉन असेल तर अकृषिक वापराच्या वाटेनंच जावं लागेल.

प्रश्न (खारघर): एका प्रकल्पात केबिन विकत घेऊन त्यांनाच चालवायला द्यायची, पाच वर्षं ‘हमखास 9 टक्के’ मिळणार. घ्यावी का?

वरच्या हिशोबात चांगल्या चाललेल्या दोन केबिननी जमीन फुकट धरून साडेसात टक्के दिले. मग जमिनीसकट 9 टक्के येणार कुठून? बहुधा तुम्हीच जास्त दिलेल्या किमतीतून, हप्त्याहप्त्यानं. प्रकल्पाचं क्षेत्र 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा नंबर मागा आणि संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहा. सातबारा तुमच्या एकट्याच्या नावावर होणार की कंपनीच्या, ते विचारा. अनेकांचे पैसे एकत्र करून नफा वाटण्याच्या योजनेला सेबीची नोंदणी लागते, तीही विचारा. यातल्या एकाही प्रश्नाला ‘आमचे वकील बघतील’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

प्रश्न (कळवा): ओळखीच्यांची लाकडी केबिन तीन पावसाळ्यांत कुजली. लाकूडच टाळावं का?

सरसकट टाळायची गरज नाही, पण पाऊस कुठून येतो ते पाहून बांधा. आपल्याकडे तो नैर्ऋत्येकडून आडवा मारतो आणि ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. डोंगराकडे त्याहूनही जास्त. कुजणं सुरू होतं ते फळ्यांच्या कापलेल्या टोकांपासून, कारण लाकूड पाणी पितं ते मुख्यतः तिथून. बाहेरून पॉलिश चकचकीत असतं आणि आत बोट रुततं. उपाय असा: जमिनीपासून 45 ते 60 सेंटिमीटर उंच काँक्रीटचे खांब, वळचण किमान अडीच फूट बाहेर, नैर्ऋत्येच्या भिंतीला लाकडाऐवजी फायबर सिमेंट बोर्ड आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला बसवण्याआधी प्रायमर. बसवल्यावर टोक सापडत नाही, म्हणून ठेकेदारासमोर उभं राहून हे करून घ्या.

बाथरूम लाकडी जमिनीवर कधीही नको. ते विटांचं, स्वतःच्या जोत्यावर, केबिनला लागून बांधा. छपराला साधा पत्रा लावलात तर जुलैत पाहुण्यांना झोप लागत नाही आणि मेमध्ये आत बसवत नाही. 50 मिलिमीटर पफ पॅनेलनं, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तक्त्यानं, दोन्ही बरंच कमी होतं. गळती सुरू होते ती स्क्रूच्या डोक्याखालच्या रबरी वॉशरमधून. उन्हानं तो कडक होऊन तडकतो. दर मेमध्ये एक माणूस पाना घेऊन वर चढवा, तडकलेले वॉशर बदला आणि बाकीचे स्क्रू बेतानं आवळा. फार आवळलं तरी वॉशर चिरडतोच. वाळवीचं औषध पाया भरतानाच मातीत जायला हवं. नंतर भोकं पाडून मारलेलं तितकं पसरत नाही.

प्रश्न (नेरूळ): बोअरला पाणी आहे म्हणतात. दोन केबिनना पुरेल का? संडासाची टाकी केवढी?

पाणी आहे का, हे मे महिन्यात विचारायचं. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाजणारी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच गावांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. माणशी दिवसाला 135 लिटर धरा. आठ पाहुण्यांना 1,080 लिटर, चादरी-टॉवेलांचं पाणी वेगळं. दोन केबिनना मिळून 5,000 लिटरची टाकी ठेवली तर भरलेला शनिवार-रविवार बोअर न चालताही निघतो. वीज मोठ्या पावसात जाते, तेव्हा टाकी उंचावर हवी.

सेप्टिक टँक दहा माणसांसाठी आतून 2 मीटर लांब, 0.9 मीटर रुंद आणि पाण्याची खोली 1.4 मीटर ठेवला तर दोन वर्षांनी उपसावा लागतो. खरी अडचण शोषखड्ड्याची होते. मुरबाडकडे दोन-तीन फुटांखाली काळा कातळ लागतो, पाणी जिरत नाही आणि ऐन ऑगस्टमध्ये कमोड उलटा भरतो. खड्डा खणल्यावर त्यात पाणी ओतून किती वेळात जिरतं ते आधी पाहा. जिरत नसेल तर एका खोल खड्ड्याऐवजी उताराला आडवा, उथळ, खडी भरलेला लांब चर घ्या. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून 18 मीटर अंतर सोडा, शेजाऱ्याची असली तरी.

प्रश्न (वाशी): जीएसटी नंबर घ्यावा लागेल का? पोर्टल तर आधीच कर लावतं.

तुमची सगळी मिळून वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नाही. पोर्टलवरच्या बुकिंगचा कर पोर्टलनं भरायचा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंत तो 5 टक्के आणि त्याहून जास्त दराला 18 टक्के आहे. त्यामुळे 7,800 दर लावण्यापेक्षा 7,500 वर थांबलेलं पाहुण्याला बरंच स्वस्त पडतं. ‘सगळी मिळून’ यात त्याच पॅनवरचं ठाण्यातल्या गाळ्याचं भाडंही येतं, हे विसरू नका.

वीज मात्र शेतीपंपाच्या मीटरवरून ओढू नका. पकडलं तर अनधिकृत वापर म्हणून लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि कधीपासूनचा वापर हे ठरवता आलं नाही तर बारा महिन्यांची.

प्रश्न (ठाणे पूर्व): गॅस गीझर स्वस्त पडतो. लावावा का? सुरक्षिततेचं आणखी काय पाहावं?

बाथरूमच्या आत अजिबात लावू नका. बंद खोलीत तो हवेतला ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, माणूस कोसळेपर्यंत कळत नाही. थंडीत पाहुणे झरोक्यात टॉवेल कोंबतात, हे धरून चला. लावायचाच तर गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेरच्या भिंतीला. त्यापेक्षा 15 लिटरचा 2 किलोवॅटचा विजेचा, 4 चौरस मिलिमीटरच्या वायरवर आणि 30 मिलिअँपिअरच्या ईएलसीबीमागे (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). ईएलसीबीचं ‘टेस्ट’ बटण केअरटेकरनं महिन्यातून एकदा दाबायचं.

सर्पदंश झाला तर कुठं न्यायचं ते दारामागे मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवा: शहापूरला उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. लाकडाचा ढीग केबिनला टेकवून रचू नका. पावसाळ्यात धबधब्यांवर बहुधा जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश असतो. जाहिरातीत ‘खासगी धबधबा’ लिहिलंत आणि कोणी वाहून गेलं, तर ते वाक्य तुमच्याच गळ्यात येईल. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची नोंद ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवणं बंधनकारक आहे. रात्री दहानंतर बाहेर स्पीकर नाही, हे बुकिंगच्या वेळीच लेखी कबूल करून घ्या, म्हणजे अकरा वाजता केअरटेकरला एकट्याला भांडावं लागत नाही.

प्रश्न (कोपरखैरणे): जुलैत पाहुणे म्हणतात, अंथरुणाला कुबट वास येतो. चादरी तर धुतलेल्या असतात.

वास बहुतेक वेळा गादीचा असतो. गादी भिंतीला चिकटून आणि सपाट फळीवर असेल तर खालून ओल धरते. पलंग भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, फळ्यांत फटी ठेवा आणि रविवारी पाहुणे गेले की गादी उभी करून पंखा तिच्यावर सोडा. चादरींचे प्रत्येक पलंगामागे तीन जोड हवेत: एक वापरात, एक धुतलेला, एक वाळत. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, आणि दोनच जोड असले की केअरटेकर दमट चादर घालतो, त्याचाही इलाज नसतो. वाळवायला पत्र्याची उघडी शेड बांधा, घडी घालण्याआधी इस्त्री फिरवा आणि कपाट लाकडी असेल तर दाराला जाळी बसवा. खोली आठवडाभर रिकामी राहणार असेल तर केअरटेकरला रोज दुपारी, पाऊस उघडला की, तासभर खिडक्या उघडायला सांगा.