वाचक विचारतात : लीजची ८१ वर्षं उरलीत, थांबू की वाढवू?

प्रश्न : लंडनमध्ये हॅरोला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. लीजची (फ्लॅट वापरण्याच्या हक्काची) ८१ वर्षं उरलीत, ग्राउंड रेंट (मालकाला द्यायचं भाडं) वर्षाला १०० पौंड. फ्रीहोल्डरचं, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाचं, पत्र आलंय : ६,००० पौंड भरा, लीज पुन्हा ९९ वर्षांची करून देतो. घ्यावं का?

उत्तर : त्या पत्रात १८ वर्षं मिळतायत. १९९३च्या कायद्याने तुमचा हक्क उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षांचा आहे, म्हणजे एकूण १७१. शिवाय ग्राउंड रेंट नाममात्र होतं. दस्तात ‘एक मिरीदाणा’ लिहितात आणि तो मागायला कोणी येत नाही. पत्रातल्या सौद्यात मात्र पुढची ८१ वर्षं जुनं भाडं चालू राहू शकतं. त्यातून अशा पत्राने फ्रीहोल्डर बांधला जात नाही. बोलणी रेंगाळली आणि लीज ८०वर आली, तर भुर्दंड तुम्हालाच.

तो किती, हे आकड्यांत पाहा. लांब लीज असताना फ्लॅटची किंमत ३,००,००० पौंड धरू. लीज संपल्यावर फ्रीहोल्डरला फ्लॅट परत मिळण्याचं आजचं मोल ५ टक्के दराने आणि भाड्याचं ६ टक्क्यांनी काढलं, तर ८१ वर्षं असताना प्रीमियम (लीज वाढवण्यासाठी द्यायची रक्कम) साधारण ७,३५० पौंड येतो. ७८ वर्षांवर हीच रक्कम ८,२५०च्या आसपास. पण तिथे मॅरेज व्हॅल्यू लागू होते : लीज वाढल्याने जी किंमत वाढते तिचा निम्मा वाटा फ्रीहोल्डरचा. लीज न वाढवता फ्लॅट २,८२,००० ला जाईल असं धरलं, तर हा वाटा ४,९००च्या घरात. एकूण १३,००० पौंडांच्या वर. नाव लग्नाचं, पण खर्च एकाच पक्षाचा!

उरलेली मुदत ८० वर्षांपेक्षा जास्त असेल तरच यातून सुटका. मोजणी होते ती लीज वाढवून मागणारी नोटीस बजावल्याच्या तारखेला; पुढे वाटाघाटींना वर्ष लागलं तरी ती बदलत नाही. म्हणून आधी मूळ लीज काढून वाचा. सही एका वर्षीची आणि मुदत मात्र त्याआधीच्या २५ मार्चपासून किंवा २४ जूनपासून, असं सर्रास असतं. एजंटने सांगितलेला आकडा इथेच चुकतो.

मग या कामातला अनुभवी सर्व्हेअर (किंमत काढणारा) आणि सॉलिसिटर (वकील) गाठा (फ्लॅट घेताना ज्याने कागद केले तोच असेल असं नाही) आणि १९९३च्या कायद्याच्या कलम ४२ची नोटीस द्या. तीत रक्कम वास्तवाला धरून हवी. उगाच शंभर पौंड लिहिले तर नोटीसच बाद ठरू शकते. उत्तराला किमान दोन महिने द्यावे लागतात. नोटीस मॅनेजमेंट कंपनीच्या नावाने काढणं ही नेहमीची चूक. मध्ये हेडलीज (फ्रीहोल्डर आणि तुमच्यामधली आणखी एक लीज) असेल तर नोटिशीसाठी नेमका कोणता मालक सक्षम, हे लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्यावरून ठरवा. नोटिशीची नोंदही तिथेच करून घ्या. फ्रीहोल्डर डिपॉझिट मागू शकतो : देऊ केलेल्या रकमेच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते. त्याचा वाजवी कायदेशीर आणि मूल्यांकनाचा खर्चही तुमच्याच माथी.

फ्रीहोल्डरची उलट नोटीस आली आणि रकमेवर जमलं नाही, तर ती आल्यापासून दोन महिन्यांनंतर, पण सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे (अशा वादांच्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करायचा. ही मुदत हुकली तर नोटीस मागे घेतली असं धरतात आणि नवी द्यायला १२ महिने थांबावं लागतं. तोवर तुमची ८० वर्षांची रेघ ओलांडलेली असेल.

प्रश्न : ७४ वर्षं उरलेला फ्लॅट घेतोय. लीज वाढवायला दोन वर्षं मालकी लागते ना?

उत्तर : ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. पण नोटीस द्यायला लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव चढलेलं हवं आणि त्याला कित्येक महिने लागू शकतात. त्यापेक्षा विकणाऱ्यालाच व्यवहाराआधी नोटीस द्यायला लावा आणि खरेदीच्या दस्तासोबतच तिचे हक्क स्वतःकडे घ्या. हे दस्तासोबतच हवं; मागाहून केलं तर नोटीस रद्द. कर्ज काढणार असाल तर बँकेला किती वर्षांची लीज चालते, तेही आधी विचारा.

प्रश्न : ९९० वर्षांचा कायदा येतोय म्हणतात. थांबू?

उत्तर : २०२४च्या कायद्यात लीज ९९० वर्षांनी वाढवण्याची सोय आहे, मॅरेज व्हॅल्यू काढून टाकणंही आहे. पण हा मजकूर लिहीपर्यंत ही कलमं लागू झालेली नाहीत. ८०च्या काठावर असाल तर त्यांच्या भरवशावर राहू नका. लीज ६५-७० वर्षांवर आलेली असेल आणि विकायची किंवा नवं कर्ज काढायची घाई नसेल, तर थांबण्यात अर्थ आहे. कारण मॅरेज व्हॅल्यू तुम्हाला आजही द्यावीच लागणार आहे, नवी कलमं लागू झाली तर ती वाचेल. हे सगळं इंग्लंड-वेल्सपुरतं. एडिंबरोच्या वाचकांनी काळजी करू नये, तिथे फ्लॅटला अशी लीज सहसा नसतेच.