टॉमकॅट (जावा वेब सर्व्हर) रीस्टार्ट केला की युजर लॉगआउट होतात, त्यांचं सेशन (लॉगिन, कार्ट वगैरे माहिती) हेझलकास्टमधे (अनेक सर्व्हरच्या मेमरीत डेटा वाटून ठेवणारं सॉफ्टवेअर) कसं ठेवू?

ॲप स्प्रिंग बूटवर (जावा फ्रेमवर्क) असेल तर सोपंय. स्प्रिंग सेशनची हेझलकास्टवाली डिपेंडन्सी टाका, हेझलकास्ट एचटीटीपी सेशन एनेबल करायचं ॲनोटेशन लावा, मग सेशन टॉमकॅटच्या मेमरीत न राहता हेझलकास्टच्या ग्रिडच्या (जोडलेल्या सर्व्हरच्या) मॅपमधे जातं, बॅकअप काउंट (किती जादा कॉपी ठेवायच्या) डिफॉल्ट 1 असतो म्हणून एक नोड (ग्रिडमधला एक सर्व्हर) पडला तरी दुसरीकडे कॉपी असतेच. सेशनचा टाइमआउट डिफॉल्ट 1800 सेकंद.

पण आधी दोन्ही नोड एकमेकांना दिसतायत का बघा! लॉगमधे मेंबर्सचा साइझ 2 आला पाहिजे, 1 च असेल तर बॅकअप वगैरे काही नाही. क्लाउडवर मल्टिकास्ट (नोडनी नेटवर्कवर एकमेकांना आपोआप शोधणं) बहुतेक चालत नाही, आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात पण आम्ही सरळ हेझलकास्टच्या टीसीपी-आयपी जॉइन सेटिंगमधे नोडचे आयपी लिहून 5701 पोर्ट उघडतो, तेच करा.

आणि हे खरंच लक्षात ठेवा, सेशनमधून कार्टची लिस्ट काढली, त्यात आयटम टाकला आणि परत सेटॲट्रिब्यूट (सेशनमधे लिहिणारी मेथड) केलं नाही तर बदल सेव्हच होत नाही, एरर पण येत नाही, बिचारा युजर कार्ट शोधत बसतो. सेशनमधे ठेवायचे क्लास सिरियलायझेबल (बाइट्समधे बदलून पाठवता येतील असे) हवेत. सेशनमधे युजर आयडीसारखं थोडकंच ठेवा, अख्खे रिपोर्ट कोंबू नका.