इंदूरजवळ ३ एकरांत साग लावणं परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की देवासच्या बाजूला ३ एकर काळी जमीन आहे, सोयाबीनमध्ये काही उरत नाही, आणि रोपं विकणारा म्हणतो एकरी १००० साग लावा, १२ वर्षांत झाडामागे २० हजार. पुढे स्वतःची आरामशीन (लाकूड चिरायचं मशीन) टाकायचंही मनात आहे.

आमची इंदुरात आजोबांपासून लाकडाची वखार आणि आरामशीन आहे. म्हणून आधी त्या २० हजारांचंच बघू.

लाकूड झाडांच्या संख्येवर विकत नाही, घनफुटावर विकतं. ओंडक्याचा घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. १२ फुटी ओंडका, घेर २४ इंच, तर माल ३ घनफूट. तोच घेर ४८ इंच असला तर १२ घनफूट. घेर दुप्पट, माल चौपट. शिवाय जाड मालाला घनफुटाचा भावही वरचा मिळतो.

त्यातही सागाची किंमत गाभ्याची असते. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला कीड लागते, चौकटीचं गिऱ्हाईक ते घेत नाही. २४ इंच घेराच्या ओंडक्यात कडेला दीड इंच पांढरं धरलं, तर गाभा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. १२ वर्षांचा साग म्हणजे बहुतेक असलाच माल. पूर्वी असल्या बल्ल्या बांधकामाच्या परांचीला तरी खपायच्या, आता तिथे लोखंडी पाइप आले.

एकरी १००० म्हणजे दोन मीटरवर एक झाड. एवढ्या दाटीत घेर धरत नाही. विरळणी करावीच लागते आणि शेवटी मोठी होणारी झाडं दोनेकशेच राहतात. विकणाऱ्याच्या कागदावर मात्र हजारच्या हजार उभी असतात! १९९० च्या दशकातही सागाच्या अशाच योजना गावोगाव विकल्या गेल्या. लोकांचे पैसे गोळा करून चालवायच्या असल्या योजनांसाठी सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, १९९९ मध्ये वेगळे नियम करावे लागले.

आणि वेळेची किंमत? ७ टक्क्यांनी बँकेत ठेवलेले पैसे दहा वर्षांत दुप्पट होतात, वीस वर्षांत चौपट. साग याच्या पुढे गेला तरच परवडला म्हणायचं.

जमिनीचंही बघा. सागाला पाण्याचा निचरा लागतो. तो विंध्याच्या उतारांवर, चोरल, बागली, कन्नौदकडे आपसूक येतो. माळव्याच्या सपाट काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी थांबलं की खुरटतो. तुमच्या शेतात मुरमाड तुकडा असेल तर तिथे आणि बांधावर ५०-६० झाडं लावा, मधे शेती चालू ठेवा. ती झाडं मुलांसाठी समजा.

सागाऐवजी निलगिरी म्हणाल तर ती ४-५ वर्षांत तोडणीला येते, पण कागदवाला किंवा प्लायवूडवाला घेणारा आधी ठरवा. ओल्या लाकडाचं ट्रकभाडंच नफा खाऊन टाकतं. नेपानगरचा कागद कारखाना एके काळी सलईच्या लाकडावर आणि बांबूवर चालायचा. आता तो रद्दीच्या लगद्यावर चालतो. प्लायवूडची मोठी खरेदी हरियाणात यमुनानगरला, ते कुठे आणि आपण कुठे. त्यापेक्षा बांबू सोपा. २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिलेला नाही, त्यामुळे तोडीची कटकट कमी.

आरामशीनचं म्हणाल तर मध्य प्रदेशात १९८४ चा काष्ठ चिरान कायदा आहे, परवान्याशिवाय मशीन बसत नाही. त्यावर १९९६ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनी नवे परवाने फारच आवळले. आणि परवाना मिळाला तरी काम कुठलं? आमचे काका तिमरनी, खिरकियाच्या वनखात्याच्या डेपोत लाकडाच्या लिलावाला जायचे, आठवडाभर मशीन थांबायची नाही. आता आफ्रिकेचा, दक्षिण अमेरिकेचा साग गुजरातेत कांडला बंदरात उतरतो, गांधीधामला चिरला जातो आणि तयार साइज इथे येतात. फर्निचरवाले एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेले तक्ते, मागतात. आमचंही निम्मं पोट आज प्लायवूडच्या दुकानावर चालतं, मशीन दिवसात दोन-तीन तास.

तरी लावणारच असाल तर रोपं जमिनीत गेल्या गेल्या पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी कागदात, झाडांची नोंद करून घ्या आणि नक्कल घरात ठेवा. आमच्या नात्यातल्या एकांनी ती केली नव्हती. तोडीच्या परवानगीला गेले तर 'ही झाडं तुमचीच कशावरून?' इथून सुरुवात. मग टीपी, म्हणजे लाकूड वाहून न्यायचा परवाना. दीड वर्ष गेलं, आणि तोवर ठरलेला व्यापारी दुसरीकडून माल घेऊन मोकळा झाला होता.