प्रश्न नोंदीत यायलाच हवा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

"गुप्तचर यंत्रणांवर प्रश्न विचारून मिळतं काय, सर? उत्तर एका ओळीत येतं, राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने माहिती देता येत नाही," असं तू लिहिलंस. खासदारसाहेबांनी तुझा मसुदा बाजूला ठेवला आणि रस्त्यांवरचा प्रश्न दिला, म्हणून काम सोडावं असं तुला वाटतंय. सोडायचं की नाही ते तू ठरव. पण उत्तर मिळणार नाही म्हणून प्रश्नच टाकायचा नाही, हे मी ऐकून घेणार नाही. उत्तर देणं सरकारच्या हातात, प्रश्न नोंदीत आणणं आपल्या.

ओरेगनचे सिनेटर रॉन वायडन यांचं काम नीट बघ. ते सिनेटच्या गुप्तचर समितीवर होते. सरकार पॅट्रियट कायद्याचा, म्हणजे 2001 च्या दहशतवादविरोधी कायद्याचा, जो अर्थ गुपचूप लावतंय तो कळला तर लोक हादरतील, असं ते 2011 पासून सभागृहात सांगत होते. त्यापुढे एक शब्द बोलायची सोय नव्हती, गोपनीयतेचं बंधन होतं. मग 12 मार्च 2013 ला खुल्या सुनावणीत त्यांनी राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांना विचारलं, की एनएसए, म्हणजे त्यांची राष्ट्रीय सुरक्षा संस्था, कोट्यवधी अमेरिकनांची कुठल्याही प्रकारची माहिती गोळा करते का? प्रश्न आदल्या दिवशीच त्यांच्या कार्यालयात पोचवला होता. क्लॅपर म्हणाले, नाही, जाणूनबुजून नाही. खरं उत्तर वायडनना ठाऊक होतं. नंतर त्यांनी उत्तर सुधारायची संधीही दिली, ती कुणी घेतली नाही. जूनमध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेली कागदपत्रं बाहेर आली, फोनच्या नोंदी सरसकट गोळा होत असल्याचं उघड झालं, आणि क्लॅपर यांना समितीकडे लेखी माफी मागावी लागली. 2015 मध्ये तो सरसकट साठा कायद्याने थांबवला गेला. मार्चमधला तो प्रश्न नोंदीत नसता तर माफी कशाची मागितली असती?

या विषयावर मतं मिळत नाहीत म्हणतेस, ते खरं आहे. 1975 मध्ये अमेरिकी यंत्रणांची चौकशी करणारे सिनेटर फ्रँक चर्च 1980 ला निवडणूक हरले. पण 1978 चा पाळतीवर न्यायालयाची परवानगी आणणारा कायदा त्या चौकशीतून आला, तो मागे राहिला.

आपल्याकडे तर पाया घालायचाच बाकी आहे. आयबी, देशांतर्गत गुप्तचर यंत्रणा, 1887 पासूनची, तिला आजही स्वतंत्र कायदा नाही. 1968 मध्ये परदेशी हेरगिरीसाठीची रॉ तिच्यातून वेगळी झाली तेव्हा गृहमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते, पण तीही सरकारी आदेशाने उभी राहिली, संसदेच्या कायद्याने नाही. खासदार मनीष तिवारींनी 2011 मध्ये या यंत्रणांना कायद्याखाली आणणारं खासगी विधेयक आणलं, त्याचा कायदा झाला नाही. फोन टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंधनं घातली, पण गृहसचिवांनी दिलेला आदेश तपासायला बसतात कोण? कॅबिनेट सचिव आणि आणखी दोन सचिव. त्यात एक न्यायाधीश नाही, एक खासदार नाही. हे वाचून तुला चीड येत नाही?

मला येते, आजही. इतकी वर्षं खासदारांच्या कचेरीत बसून तेच तेच प्रश्न खरडून काय मिळवलंस, असं जवळची माणसंही विचारतात. आमचे कितीतरी प्रश्न दाखलच करून घेतले नाहीत. त्याची खंत आहे, ती जाणार नाही. पण जे दाखल झाले ते कार्यवाहीत छापलेले आहेत, आणि सरकारं बदलली तरी ती पानं कुणी काढून टाकू शकत नाही. मी वेळ वाया घालवला असं मला कुणी पटवू शकलेलं नाही.

आता तुझ्या मसुद्याविषयी. वाचला, आणि रागावलोही. कोणाचे फोन टॅप झाले, असं विचारतेस? असा प्रश्न दारातूनच परत येतो आणि साहेबांना वाटतं, पोरगी अडचणीत आणणार. व्यवस्थेबद्दल विचार. टॅपिंगचे आदेश तपासणारी ती सचिवांची आढावा समिती गेल्या वर्षात किती वेळा बसली? किती आदेश तिने रद्द केले? संसदेची देखरेख समिती नेमण्याचा विचार आहे का, नसेल तर कारण काय? यात कुठलंही गुपित फुटत नाही. "माहिती देता येत नाही" असं यावरही लिहून आलं, तर तेही छापून येऊ दे, मग पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर पुढे ठेवून विचारता येईल.

अतारांकित घाल, लेखी उत्तर मिळेल. साहेबांना रस्त्यांचा प्रश्नही दे, दोन्ही एकाच दिवशी टाकता येतात. नोटिशीला पंधरा दिवस लागतात, तेव्हा नवा मसुदा मला सोमवारपर्यंत पाठव. राजीनाम्याचं पत्र नंतर लिही.

तुझा,
सर