स्क्रम चालू असताना त्यात कानबान मिसळता येतं का? आणि वॉटरफॉलमध्ये?

येतं. तिन्ही कामं आखायच्या पद्धती: स्क्रममध्ये ठरावीक आठवड्यांच्या फेऱ्या, म्हणजे स्प्रिंट; कानबानमध्ये फळ्यावरच्या रकान्यांतून पुढे सरकणारी कामाची कार्डं; वॉटरफॉलमध्ये एक टप्पा संपवून मगच पुढचा. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "बोर्ड लावलाय, मर्यादा नंतर ठरवू." ते वाचून राहवलं नाही. रकान्यात एका वेळी किती कामं राहतील याला मर्यादा नसेल तर ते कानबान नव्हे, नुसता फळा आहे.

मी टेस्टिंगला होते. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, कानबानचा बोर्ड. 'टेस्टिंग'च्या रकान्यावर मी स्वतः मार्करने ३ लिहिलं होतं. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी तिथे ३ कार्डं होती आणि एक डेव्हलपर चौथं घेऊन आला. म्हटलं, थांब, आधी यातलं एक कार्ड आपण दोघं मिळून संपवू. तेवढ्यात मॅनेजर आले, अंगठ्याने तो ३ पुसला आणि म्हणाले, "मग डेव्हलपर काय रिकामे बसवायचे?" शुक्रवारी सकाळी त्या रकान्यात १२ कार्डं. एकावर एक चिकटवलेली, खालच्यांची नावंही दिसत नव्हती. बरीचशी पुढच्या स्प्रिंटमध्ये गेली आणि रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंटनंतरच्या आढाव्याच्या बैठकीत, ठपका टेस्टिंगवर.

अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं सूत्र आहे: हातातल्या कामांना रोज संपणाऱ्या कामांनी भागा, एका कामाला सरासरी किती दिवस लागतात ते कळतं. आम्ही रोज सरासरी दीड कार्ड संपवायचो. ३ कार्डं असतील तर २ दिवस, १२ असतील तर ८. तेव्हा हा हिशोब मला मांडता आला नाही, याची आजही चुटपुट आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर स्प्रिंट, प्लॅनिंग, रिव्ह्यू सगळं राहू द्या. कानबानचा पहिला नियमच आहे, आज जे करताय तिथून सुरू करा. फक्त मर्यादा आजच घाला. रोज अचानक बग येत असतील तर स्प्रिंटमध्ये अमुकच कामं संपवू हा शब्द देणं सोडा आणि जागा होईल तसं काम ओढा. सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल लिहिणारे कोरी लाडास यांनी याला 'स्क्रमबान' म्हटलं. वॉटरफॉलमध्ये एकेका टप्प्याच्या आत बोर्ड चालतो.

हो, लिटलचं सूत्र सरासरीचं आहे, कामाचा ओघ स्थिर असेल तरच जुळतं. आणि ३ हा आकडा आमच्या टीमचा होता, तुमचा वेगळा निघेल.

पण "रिकामे बसतील" हे कारण कुणाचंही ऐकू नका. त्या बुधवारी तो डेव्हलपर रिकामा बसणार नव्हता. माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्याने पहिली टेस्ट केस उघडलीसुद्धा होती.