आधी तोल

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात अथेन्सच्या घुबडाच्या नाण्याचे चार फोटो आहेत, विक्रेत्याचं कौतुक आहे, हे नाणं कोणत्या नावाड्याच्या कमरेला असेल यावर पानभर कल्पना आहेत. वजन मात्र कुठेच नाही!

इ.स.पू. 5 व्या शतकातलं हे टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार ड्रॅक्मांचं चांदीचं नाणं, सुमारे 17.2 ग्रॅमचं. वापरून झिजलं तरी 17 च्या आसपास राहतं. 16 च्या खाली उतरलं तर हात आखडता घे. काटा 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा. मग घनता: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य कर, नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडव, तळाला वा काठाला टेकू देऊ नकोस. वजन 17.15 आणि पाण्यातला आकडा 1.65 असेल, तर भागाकार 10.39. शुद्ध चांदी 10.49, म्हणजे ठीक. तांब्याचा गाभा असेल तर आकडा 9 च्या घरात घसरतो. बुडबुडे चिकटले तर चांगलं नाणंही हलकं ठरतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाक. तीनदा कर, 0.02 ची चूक उत्तर 0.12 ने हलवते.

आता घुबडावरचा तो काप, ज्याला तू 'खराबी' म्हणतोस. इजिप्तकडे आणि पूर्वेच्या बाजारांत ही नाणी बहुधा चांदी म्हणून तोलून घेत, आणि आत तांबं नाही ना ते छिन्नीने बघत. शंका रास्त होती: स्पार्टाविरुद्धच्या पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस खुद्द अथेन्सने तांब्यावर चांदीच्या मुलाम्याची नाणी पाडली. पुढे इ.स.पू. 375 च्या कायद्यानुसार अगोरात, म्हणजे अथेन्सच्या बाजारचौकात, सरकारी पारखी बसे. तांब्या-शिशाच्या गाभ्याचं नाणं तो तिथेच कापे. तुझा नावाडी कल्पनेतला आहे, हा काप खरा आहे. भिंगाखाली तो बघ. आत लालसर वा हिरवं दिसतंय का? कापाच्या कडा नाण्याच्या बाकीच्या पृष्ठभागाइतक्याच जुनाट आहेत का?

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट काही लावू नकोस. जुनी चांदी आतून ठिसूळ होते, घासताना तडकते. प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत बुडव, बस्स.

लोक म्हणतात, मी नाण्यांचा आनंद काट्यावर मोजतो. म्हणू देत. तोलल्याशिवाय आनंद कशाचा मानायचा, तेच मला कळत नाही.

अर्थात, अस्सल चांदीवर नवे ठसे मारलेली बनावट नाणी तोलात पास होतात. तिथे ठसे दुसऱ्या नाण्यांशी जुळवून बघायचे. झिजेचा ओरखडा आणि खळगा दोन नाण्यांवर नेमका त्याच जागी असेल, तर नक्कल समज, ती दोन्ही नाणी घेऊ नकोस. कडेला सांधा दिसला तर ते ओतीव, म्हणजे बनावट.

आणि विक्रेत्याकडे जुन्या लिलावाची चिठ्ठी माग. 'जुना संग्रह' एवढंच सांगत असेल, तर पैसे खिशातच राहू देत.