घरी उघडते, बाहेर उघडत नाही

प्रश्न: जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकलंय, त्यावर एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) चालू आहे, आणि आजोबांच्या कवितांच्या वह्या स्कॅन करून साइट बनवलीय. डोमेन घेतलं, ए रेकॉर्डमध्ये (डोमेन कुठल्या आयपी पत्त्यावर आहे ती नोंद) १९२.१६८.१.१० टाकलं. घरच्या वायफायवर साइट मस्त उघडते पण पुण्याला बहिणीकडे उघडतच नाही, माझ्या मोबाइल डेटावरही नाही. सगळे म्हणतात डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) पसरायला ४८ तास लागतात, थांब. आज सहावा दिवस आहे. काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आता थांबू नका, थांबून काही होणार नाही. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो आणि तोच पत्ता लाखो घरांत असतो. बहिणीच्या ब्राउझरने तुमचं डोमेन विचारलं, डीएनएसने तुम्ही लिहिलेला आकडा इमानदारीत दिला, आणि ब्राउझर तिच्याच घरात ते मशीन शोधत बसला. म्हणजे तुमचं रेकॉर्ड पहिल्या दिवसापासून पोचलंय, फक्त त्यातला पत्ता चुकीचा आहे.

आता राउटरच्या पेजवर लॉगिन करून वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा आणि मग गुगलवर 'व्हॉट इज माय आयपी' टाकून तिथला आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर तोच ए रेकॉर्डमध्ये टाका, राउटरमध्ये ८० आणि ४४३ हे पोर्ट (वेबसाइटची दारं) १९२.१६८.१.१० कडे फॉरवर्ड करा, आणि हा पत्ता त्या डेस्कटॉपसाठी राउटरमध्येच राखून ठेवा, नाहीतर एक दिवस लाइट जाऊन आली की मशीनला दुसराच नंबर मिळतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

पण वॅन आयपी १०० ने सुरू होत असेल आणि त्यातला पहिल्या टिंबानंतरचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. आयपीव्ही४ चे, म्हणजे असे चार आकड्यांचे पत्ते जगात एकूण ४३० कोटींच्या आसपासच, त्यामुळे इंटरनेट कंपन्या एकच पब्लिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतात, आणि मग तुम्ही घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, मुख्य दार कंपनीकडे बंदच राहतं. अशा वेळी कंपनीकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) मागा, त्याचे वेगळे पैसे पडतात. नाहीतर क्लाउडफ्लेअर टनेल वापरा, त्यात तुमचं मशीनच बाहेर क्लाउडफ्लेअरकडे कनेक्शन जोडतं त्यामुळे पोर्ट उघडायची भानगडच नाही. कवितांच्या साइटला मी टनेलच सुचवेन.

पब्लिक आयपी मिळाला पण तो बदलता असेल तर रेकॉर्डचा टीटीएल (पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० ठेवा, म्हणजे जुना पत्ता लोकांकडे साधारण पाच मिनिटंच राहील, आणि नवा आयपी आपोआप रेकॉर्डमध्ये टाकणारी छोटी स्क्रिप्ट लावा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू साठी मूळ डोमेनकडे बोट दाखवणारं सीनेम रेकॉर्ड पुरे.

अजून एक, यात मी स्वतः दोन दिवस घालवलेत: डोमेन एकीकडे घेतलेलं, नेमसर्व्हर (डोमेनची रेकॉर्ड जगाला सांगणारे सर्व्हर) दुसरीकडचे लावलेले, आणि मी रेकॉर्ड बदलत होतो पहिल्याच पॅनलमध्ये, जिथलं कुणी वाचतच नव्हतं! म्हणून टर्मिनलवर आधी डिग ही कमांड, पुढे एनएस आणि मग डोमेनचं नाव टाकून नेमसर्व्हर कोणाचे आहेत ते बघा, रेकॉर्ड तिथेच बदला.

बाहेरून साइट उघडायला लागली की मगच सर्टबॉट हा प्रोग्राम चालवून लेट्स एन्क्रिप्टचं (साइट एचटीटीपीएसवर चालवण्यासाठीचं) सर्टिफिकेट घ्या, त्याच्या नेहमीच्या तपासणीला ८० पोर्ट बाहेरून पोचावा लागतो. आणि हो, पोर्ट फॉरवर्ड केलं असेल तर तपासताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. काही राउटर घरातून निघून स्वतःच्याच पब्लिक पत्त्यावर परत येऊ देत नाहीत, त्यामुळे आता उलटं होऊ शकतं, बहिणीकडे उघडेल आणि तुमच्याकडे नाही. तेव्हा घाबरून रेकॉर्ड परत १९२ वर नेऊ नका, घरच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसच्या आधी वाचली जाणारी नाव-पत्त्यांची यादी) १९२.१६८.१.१० आणि पुढे डोमेनचं नाव एवढी एक ओळ टाका.